'इलियड'मधला राग मराठीत कसा आणायचा? (मेनिस, मोइरा, क्लेओस)

शेवंती (धागाकर्ती)

होमरच्या 'इलियड' या ट्रॉयच्या युद्धावरच्या ग्रीक महाकाव्याच्या निवडक भागांचं मराठी वाचन करायचं आहे, त्यासाठी तीन शब्दांवर मत हवं आहे. महाकाव्याचा पहिलाच शब्द 'मेनिन्'. मूळ शब्द 'मेनिस', आणि हे त्याचं कर्मरूप. सगळ्या काव्याचा विषय या एका शब्दात सांगून टाकलेला आहे, त्यामुळे तो चुकला की पुढचं सगळं घसरतं. माझ्यासमोर राग, क्रोध, संताप आणि कोप असे चार पर्याय आहेत. दुसरा शब्द 'मोइरा'. याला सरसकट 'दैव' किंवा 'प्रारब्ध' म्हणतात, ते पटत नाही. तिसरा 'क्लेओस', ज्याला 'कीर्ती' म्हणून सोडून देतात.

नुसता शब्द सुचवू नका. तो कुठल्या सर्गात, कुठल्या ओळीवर टिकतो किंवा मोडतो तेही सांगा.

ताम्रपट

'मेनिस'साठी कोप. यात मला शंका नाही.

कारण शब्दाच्या वापरातच आहे. नाम म्हणून 'मेनिस' इलियडमध्ये देवांना लागतो, आणि माणसांपैकी फक्त अकिलीसला, म्हणजे काव्याच्या नायकाला. सर्ग १, ओळ ७५ मध्ये ग्रीक सैन्याचा ज्योतिषी कालखास अपोलो देवाच्या रागाला हाच शब्द वापरतो, आणि तो राग म्हणजे काय तर नऊ दिवस छावणीवर रोगराईचे बाण. आधी खेचरं, कुत्री, मग माणसं. आपण 'देवीचा कोप झाला' म्हणतो तेव्हा एखादी बाई चिडली आहे असं आपल्याला म्हणायचं नसतं. गावावर काहीतरी ओढवलं आहे असं म्हणायचं असतं. मेनिस नेमका तसा आहे. तो मनात राहत नाही, लोकांवर कोसळतो. दुसऱ्या ओळीत त्याचं विशेषण येतं 'विनाशकारी', आणि लगेच हिशोब: अखियन (ग्रीक) लोकांना असंख्य यातना, कित्येक शूरांचे जीव हेडीसकडे (मृतांच्या लोकात), देह कुत्र्या-पक्ष्यांना.

क्रियापद मात्र इतरांनाही लागतं. सर्ग १ मध्ये ग्रीकांचा सरसेनापती राजा आगामेम्नोनला, सर्ग १३ मध्ये ट्रॉयचा राजा प्रियाम याच्यावर रुसून मागे उभ्या राहिलेल्या एनियासला. म्हणून 'हा शब्द माणसांना वापरतच नाहीत' असं कुणी लिहिलं असेल तर ते नामापुरतंच खरं समजा.

आता बाकीचे शब्द, कारण खरा घोळ तिथे होतो. भाषांतरकार सगळीकडे 'राग' लिहितात आणि होमरची बारीक विभागणी पुसली जाते.

'खोलोस' म्हणजे पित्त. शब्दशः पित्तच. मराठीत 'पित्त खवळलं' हे तयार आहे, ते सोडू नये. खोलोस भडकतो, चढतो आणि पचवताही येतो.

'कोतोस' म्हणजे डूख. आत धरून ठेवलेला, फेडल्याशिवाय न सुटणारा.

हे दोन्ही एकाच वाक्यात येतात ती जागा पाहा, सर्ग १, ओळी ८०-८३. कालखासला खरं बोलायचं आहे, पण राजाची भीती आहे. तो म्हणतो (भाषांतर माझं): "राजा खालच्या माणसावर रागावला की त्याच्यापुढे कोण टिकणार? त्या दिवशी त्यानं पित्त पचवलं, तरी डूख उरतोच, तो फेडून घेईपर्यंत छातीत धरून ठेवतो." मुळातलं क्रियापद खरोखर 'पचवणे' याच अर्थाचं आहे. इथे दोन्हीकडे 'राग' लिहिलं तर वाक्य होतं 'राग गिळला तरी राग उरतो', आणि कालखास मूर्ख वाटतो.

अष्टमात्रा

ताम्रपट यांच्याशी सहमत, आणि एक भर. 'कोप' निवडलात तर तो पहिल्या जागीच ठेवा. मराठीत 'हे देवी, अकिलीसच्या कोपाचं गीत गा' हा क्रम सहज येतो आणि पहिला शब्द 'हे' होतो. तिथेच सगळं गेलं.

वृत्ताचं गणित करून पाहण्यासारखं आहे. मूळ ओळीत सहा गण. प्रत्येक गण गुरु-लघु-लघु किंवा गुरु-गुरु, म्हणजे आपल्या हिशोबानं चार मात्रा. शेवटच्या गणात दोनच अक्षरं, आणि त्यातलं शेवटचं अक्षर लघु असलं तरी गुरु मोजतात. सहा चोक चोवीस. पद्मावर्तनी चालीची तीन आवर्तनं बरोबर बसतात, म्हणून बरेच जण ८-८-८ असं तोडतात किंवा मधोमध १२-१२. दोन्ही चूक. होमरची यति बहुतेक वेळा तिसऱ्या गणाच्या पोटात असते, एक तर १० मात्रांवर नाहीतर ११ वर. पहिली ओळ १० वर थांबते: 'मेनिन् आएइदे थेआ' आणि मग उरलेल्या १४. ओळ कधी समान दुभंगत नाही, म्हणून पंधरा हजारांहून अधिक ओळी ऐकताना झोपाळ्यासारखी लय होत नाही, पाऊल पुढेच पडत राहतं.

एक नमुना करून पाहिला:

*कोप गाइ गे देवि, अकिलिसाचा विनाशकर*

मात्रा २४. यति 'देवि'नंतर, म्हणजे ११ वर. कोप पहिला, 'विनाशकर' हे दुसऱ्या ओळीतलं विशेषण वर ओढून घेतलं आहे. आता दोष. 'कोप गाइ गे' हे ३-३-२ आहे, ४-४ नाही. 'गा' गणाच्या सीमेवर आडवा पडतो, आणि ग्रीकमध्ये गुरु असा दोन गणांत वाटला जात नाही. चौथा गण 'किलिसा' लघु-लघु-गुरु झाला, मुळात तो गुरूनंच सुरू व्हायला हवा. 'पेलेउसपुत्र' हे बापाचं नाव तर गळूनच गेलं. आणि 'गाइ गे' मुळे जात्यावरच्या ओवीचा सूर येतो, तो इथे हवा का याचा विचार करा. माझ्या मते वाचनासाठी गद्यच घ्यावं, पण लयबद्ध गद्य, आणि यतीच्या जागी खरंच थांबावं.

बोरू

वाचतेय. एक प्राथमिक प्रश्न: अकिलीस टाच सोडून अभेद्य होता ना? मग त्याच्या शौर्याला काय अर्थ? मरणाची भीतीच नाही तर वीर कसला?

ताम्रपट

टाचेची गोष्ट इलियडमध्ये नाही. ती फार नंतरची आहे. लाकडी घोडाही नाही, अकिलीसचा मृत्यूही नाही. काव्य प्रियामचा मुलगा हेक्टर याच्या अंत्यविधीवर संपतं.

उलट इलियडमधला अकिलीस रक्तबंबाळ होऊ शकतो, आणि थोडा होतोही. सर्ग २१, ओळी १६६-१६७: अस्तेरोपाइओस दोन्ही हातांनी भाले फेकणारा. त्याचा एक भाला ढालीवर अडतो, दुसरा अकिलीसच्या उजव्या हाताला कोपराजवळ चाटून जातो आणि काळं रक्त उसळतं. त्याच सर्गाच्या शेवटी ट्रॉयचा आगेनोर स्वतःला धीर देताना म्हणतो की याचंही मांस तीक्ष्ण काशानं भेदता येतं, जीव एकच आहे. तेव्हा तुमचा प्रश्न बरोबर आहे, पण तो नंतरच्या दंतकथेला लागू होतो. होमरला अभेद्य वीर नको होता.

नदीकाठ

राग कशाचा, ते आधी स्पष्ट व्हायला हवं. 'ब्रिसेइस हिरावून घेतली म्हणून तो रुसला' असं शाळकरी सारांशात असतं आणि मग सगळे म्हणतात एका बाईवरून एवढं?

ब्रिसेइस ही अकिलीसच्या वाट्याला आलेली बंदिवान स्त्री, ती त्याची 'गेरास' आहे. लुटीची वाटणी सगळ्या सैन्यासमोर होते, त्यात वीराला मानाचा म्हणून जो खास वाटा मिळतो तो गेरास. मानाला 'तिमे' म्हणतात. तिमे ही भावना नाही, ती दिसावी लागते, मोजता यावी लागते. बैलपोळ्याला पहिला मान कुणाच्या बैलाचा यावरून गावात जे होतं ते ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही. आगामेम्नोननं तिला काढून घेऊन अख्ख्या सभेत वाटणी मोडली, म्हणजे मानाचा नियमच मोडला. अकिलीस सभेत सोन्याच्या खिळ्यांचा राजदंड जमिनीवर आपटतो ते त्यासाठी. हा दंड जो हातात धरतो त्याला बोलण्याचा हक्क असतो, न्याय करणारे तो धरतात. अकिलीस त्याचीच शपथ घेतो: या लाकडाला पुन्हा पालवी फुटणार नाही हे जितकं खरं, तितकंच हेही खरं की एक दिवस सगळ्या अखियनांना अकिलीसची उणीव भासेल. आणि तो लढाईतून बाजूला होतो.

आता सर्ग ९. अकिलीसनं परतावं म्हणून आगामेम्नोन ओडिसियस, फोइनिक्स आणि एयास या दूतांकरवी भरपाई देऊ करतो. यादी पाहा: विस्तवावर न चढलेल्या सात तिवया, दहा तालांत सोनं, वीस चकचकीत हंडे, शर्यती जिंकणारे बारा घोडे, लेस्बोसच्या सात कुशल स्त्रिया, स्वतः ब्रिसेइस आणि तिला हात न लावल्याची शपथ. ट्रॉय पडल्यावर जहाजभर सोनं-कांसं, वीस ट्रोजन स्त्रिया, आपल्या तीन मुलींपैकी एक वधूशुल्काशिवाय, वर सात नगरं. एवढं देऊनही अकिलीस नाही म्हणतो. का?

एक, यादीच्या शेवटी आगामेम्नोननं म्हटलेलं असतं की त्यानं आता माझ्यापुढे नमावं, कारण मी जास्त मोठा राजा आहे. ओडिसियस निरोप देताना यादी जवळजवळ शब्दशः सांगतो आणि नेमकं एवढं गाळतो. तरीही अकिलीस उत्तराची सुरुवात करतो ती 'मनात एक आणि ओठावर दुसरं ठेवणारा मला हेडीसच्या दारासारखा घृणास्पद वाटतो' इथून. न सांगितलेलं त्यानं ओळखलं आहे.

दोन, आगामेम्नोन या देण्याला 'अपोइना' म्हणतो. अपोइना म्हणजे बंदी सोडवण्याची खंडणी. नुकसानीची किंवा रक्ताची भरपाई असते तिला 'पोइने' म्हणतात. राजा दंड भरत नाही, विकत घेतोय. आणि मुलगी देऊन जावई केलं की अकिलीस कायमचा धाकटा होणार. ही देणगी घेणं म्हणजे खालची जागा कबूल करणं.

उत्तररात्र

नदीकाठ यांचा मुद्दा पटला, पण सर्ग ९ मध्ये अकिलीस 'नाही' एकदा म्हणत नाही, तीनदा म्हणतो आणि प्रत्येक वेळी थोडा सरकतो. हे निसटू देऊ नका, वाचनात हीच सर्वांत रंगणारी जागा आहे.

ओडिसियसला: उद्या सकाळी जहाजं पाण्यात, तिसऱ्या दिवशी घरी. मग म्हातारा फोइनिक्स, ज्यानं त्याला लहानपणी मांडीवर घेऊन घास भरवले. त्याला: रात्री इथेच राहा, जायचं की थांबायचं ते सकाळी ठरवू. शेवटी एयास. तो फक्त काही ओळी बोलतो, आणि त्याही अकिलीसकडे न बघता ओडिसियसला उद्देशून सुरू करतो: चला, इथे काही होणार नाही. भावाच्या, अगदी मुलाच्या खुन्याकडूनही लोक पोइने घेतात आणि मन आवरतात, याचं मात्र एका मुलीपायी. यावर अकिलीस म्हणतो, तुझं बोलणं माझ्या मनासारखं आहे, पण आठवलं की पित्तानं काळीज फुगतं (इथे खोलोस!). आणि जाण्याची भाषाच बंद. हेक्टर मुर्मिदोनांच्या (अकिलीसच्या सैन्याच्या) जहाजांपर्यंत आला तर लढेन.

म्हणजे भेटवस्तूंनी काहीच झालं नाही, मायेनं थोडं झालं, सोबत्याच्या सरळ बोलण्यानं सर्वांत जास्त.

सांजवारा

'मोइरा'कडे येऊ या. 'प्रारब्ध' चालणार नाही कारण त्यात मागच्या जन्मीचं संचित आलं. अकिलीसनं कुठल्या पापाचं फळ म्हणून अल्पायुष्य घेतलेलं नाही. 'विधिलिखित'ही नको, कारण इथे कुणी लिहीत नाही. आइसा (मोइराच्याच अर्थाचा शब्द) किंवा मोइरा सूत कातते. सर्ग २०, ओळी १२७-१२८: आई त्याला जन्म देत होती तेव्हाच आइसानं धाग्यात कातलं ते. सर्ग २४ मध्ये हेक्टरची आई हेकुबा हेक्टरबद्दल हेच म्हणते. आपल्याकडे सटवाई सहाव्या रात्री कपाळावर लिहिते. वेळ जवळजवळ तीच, बाळंतिणीच्या खोलीतली. कृती वेगळी.

मग शब्द कोणता? 'वाटा'. मोइराचा मूळ अर्थच वाटा, हिस्सा. मांसाचा, लुटीचा, जमिनीचा आणि आयुष्याचा. मराठीत भाग आणि भाग्य यांचं नातं तसंच आहे, पण 'भाग्य' आता चांगल्याच अर्थानं वापरतात. 'वाट्याला येणे' दोन्हीकडे चालतं: मटण वाट्याला येतं, मरणही येतं.

कसोटीची ओळ सर्ग ९, ओळ ३१८. अकिलीस म्हणतो: मागे राहणाऱ्याला आणि जीव तोडून लढणाऱ्याला 'सारखीच मोइरा'. लुटीचा वाटा म्हणतोय की मरणाचा? दोन्ही. दोनच ओळींनंतर तो म्हणतो, काही न करणारा आणि खूप करणारा दोघेही सारखेच मरतात. तिथे 'दैव सारखंच' लिहिलं तर लूट गेली, 'हिस्सा सारखाच' लिहिलं तर मरण गेलं. 'वाट्याला सारखंच येतं' लिहा, दोन्ही राहतात.

बोरू

मग झ्यूस मोठा की मोइरा?

सांजवारा

हा प्रश्न काव्यात दोनदा प्रत्यक्ष विचारला गेला आहे. सर्ग १६ मध्ये झ्यूसचा स्वतःचा मुलगा सार्पेदोन, ट्रॉयच्या बाजूनं लढणारा लिकियाचा राजा, अकिलीसचा जिवलग मित्र पात्रोक्लोस याच्या हातून मरणार असतो. झ्यूस म्हणतो, याला उचलून लिकियात ठेवू का? हेरा 'तुला जमणार नाही' म्हणत नाही. ती म्हणते: कर. पण आम्ही बाकीचे सगळे देव त्याला मान्यता देणार नाही. मग प्रत्येक देव आपला मुलगा वाचवू पाहील. सर्ग २२ मध्ये हेक्टरबद्दल झ्यूस पुन्हा तेच विचारतो आणि अथीना अगदी त्याच ओळी ऐकवते.

म्हणजे सामर्थ्य आहे, परवानगी नाही. मोइरा ही झ्यूसच्या डोक्यावर बसलेली दुसरी शक्ती म्हणून वाचली तर हे संवाद निरर्थक होतात. ती वाटणी आहे, आणि वाटणी मोडली की काय होतं ते आपण सर्ग १ मध्ये पाहिलेलं असतं. आगामेम्नोन जे करून बसला ते झ्यूस करत नाही. तो जमिनीवर रक्ताचे थेंब पाडतो आणि मुलाला मरू देतो. मग निद्रा आणि मृत्यू हे जुळे भाऊ देह लिकियाला नेतात.

सोन्याच्या तराजूबद्दलही गैरसमज होतो. सर्ग २२, ओळ २०९ पासून झ्यूस दोन मरणं तोलतो, हेक्टरचं पारडं खाली जातं आणि अपोलो त्याला सोडून निघून जातो. तराजूनं निर्णय होत नाही. सर्ग १८ मध्येच अकिलीसला त्याची आई थेटिसनं सांगितलेलं आहे की हेक्टरनंतर लगेच तुझं मरण तयार आहे. तराजू म्हणजे वेळ आली हे दाखवणं.

नदीकाठ

याला जोडून आगामेम्नोनची 'आते'. सर्ग १९ मध्ये तो म्हणतो: दोष माझा नाही, झ्यूस, मोइरा आणि धुक्यात फिरणारी एरिनीस (सूडाची देवी) यांनी माझ्या मनात आते घातली. वाचणारे इथे हसतात की बघा, जबाबदारी झटकली. पण पुढे वाचा, ओळी १३७-१३८. "मी भ्रमात पडलो, झ्यूसनं माझी बुद्धी काढून घेतली, म्हणून मी भरून द्यायला तयार आहे." देवानं केलं म्हणून देणं चुकत नाही. 'बुद्धी फिरली' म्हणणारा माणूस आपल्याकडेही गुन्हा कबूलच करत असतो. आते = भ्रम, किंवा सरळ 'बुद्धी फिरणं'. 'माया' नको, त्यात अद्वैत घुसतं.

उत्तररात्र

आता माझा खरा मतभेद. सगळे लिहितात की अकिलीसचा कोप सर्ग २४ मध्ये शमतो. शब्द तपासा. 'मेनिस' सोडल्याचं सर्ग १९, ओळ ७५ मध्ये स्पष्ट म्हटलेलं आहे: पेलेउसपुत्रानं मेनिस सोडला म्हणून अखियन आनंदले. काव्याचा विषय जर मेनिस असेल तर तो तिथे संपला. मग पुढचे पाच सर्ग कशाचे?

माझं म्हणणं: मेनिस संपतो, पित्त संपत नाही. दिशा बदलते. सर्ग १८ मध्ये, हेक्टरनं पात्रोक्लोसला मारल्यावर, तो स्वतः म्हणतो की देवा-माणसांतून कलह नाहीसा होवो, आणि खोलोसही, जो शहाण्यालाही चेतवतो, ठिबकणाऱ्या मधापेक्षा गोड लागतो आणि छातीत धुरासारखा वाढत जातो. राग मधासारखा गोड! हे म्हणून झाल्यावर तो तोच मध चाटायला निघतो. सर्ग २१ मध्ये प्रियामचा मुलगा लिकाओन त्याचे गुडघे धरतो, त्याला एकदा विकून सोडलेलंही असतं. अकिलीस त्याला 'मित्रा' म्हणतो: मित्रा, तूही मर, रडतोस कशाला? पात्रोक्लोसही मेला, तो तुझ्याहून कितीतरी चांगला होता. या 'मित्रा'ला उपहास समजू नका. मरणात दोघं सारखे, एवढंच नातं शिल्लक आहे.

सर्ग २२ मध्ये हेक्टर करार मागतो, जिंकेल त्यानं देह परत द्यावा. उत्तर: सिंह आणि माणसांत शपथा नसतात. भाला गळ्यातून जातो, पण श्वासनळी शाबूत राहते, म्हणून हेक्टर बोलू शकतो. घोट्यामागच्या शिरा भोकसून, बैलाच्या कातड्याचे पट्टे ओवून, देह रथाला. हा कोप नाही. कोपाला काहीतरी मागणं असतं, मान परत मिळाला की तो निवतो. याला मागणंच नाही, म्हणून याचा शेवट भेटवस्तूंनी होऊच शकत नाही.

ताम्रपट

उत्तररात्र, मेनिस १९ मध्ये संपतो हे शब्दाच्या पातळीवर मान्य. पण सर्ग १९ मध्ये तो कसा संपतो? अकिलीसला भेटवस्तूंशी देणंघेणं नाही, जेवायलाही तो तयार नाही, सैन्याला उपाशी लढायला काढतो. ओडिसियसला समजावावं लागतं की रिकाम्या पोटी सूर्यास्तापर्यंत कुणी लढत नाही. हा समेट फक्त आगामेम्नोनशी आहे. सर्ग २४ च्या सुरुवातीला अपोलो देवसभेत तक्रार करतो ती पाहा: याच्यात दया उरली नाही, लाज उरली नाही, मोइरांनी माणसांना सोसणारं काळीज दिलंय आणि हा मुक्या मातीची विटंबना करतोय. म्हणजे तुमचाच मुद्दा अपोलोही मांडतो. म्हणून दोन टप्प्यांत सांगावं: १९ मध्ये कोप सुटतो, २४ मध्ये पित्त उतरतं. तेही पूर्ण नाही.

अष्टमात्रा

'क्लेओस' राहिलाच. 'कीर्ती' ठीक, पण मूळ धातू ऐकण्याचा. क्लेओस म्हणजे जे ऐकू येतं ते. संस्कृत 'श्रवस्' हा त्याचा सख्खा भाऊ. सर्ग ९ मध्ये अकिलीस 'क्लेओस अफ्थितोन' म्हणतो, न झिजणारी कीर्ती, आणि ऋग्वेदात (१.९.७) 'श्रवः' आणि 'अक्षितम्' एकाच ऋचेत येतात. आडालबेर्ट कून यांनी १८५३ मध्ये हे साम्य दाखवलं. म्हणून 'नाव गाजत राहणं' असा ऐकण्याशी जोडलेला शब्दप्रयोग मला जास्त जवळचा वाटतो.

बिरुदांबद्दलही सांगून ठेवतो. 'चपळ पायांचा अकिलीस' बसलेला असतानाही चपळ पायांचाच असतो. 'दिओस अखिल्लेउस' (तेजस्वी अकिलीस) ओळीच्या शेवटच्या ८ मात्रा भरतं, 'पोदास ओकुस अखिल्लेउस' (चपळ पायांचा) १०. गाणाऱ्याला जेवढी जागा उरली तेवढं बिरुद. गद्यात सगळी ठेवलीत तर ऐकणारे कंटाळतील, सगळी काढलीत तर शेवटची ओळ मरेल: 'घोडे माणसाळवणाऱ्या हेक्टरचे अंत्यविधी त्यांनी असे केले.' पाचातलं एक ठेवा.

सांजवारा

शौर्याची व्याख्या हवी असेल तर अकिलीसकडे जाऊ नका, सार्पेदोनकडे जा. सर्ग १२, ओळी ३१०-३२८. तो आपला सोबती ग्लाउकोसला विचारतो: लिकियात आपल्याला मानाची जागा, मांस, भरलेले पेले, नदीकाठची जमीन का मिळते? म्हणून पुढे उभं राहायचं. आणि मग: लढाईतून वाचून आपण कायमचे अजर-अमर होणार असतो तर मीही पुढे लढलो नसतो, तुलाही पाठवलं नसतं. पण मरणाच्या हजार तऱ्हा उभ्याच आहेत, तेव्हा चल. आधी वाटा, मग मरण.

हेक्टरचं शौर्य वेगळं, त्याच्या मुळाशी 'आइदोस' आहे, जनलाज. त्याची चूकही अगदी व्यवहाराची आहे. सर्ग १८ मध्ये ट्रॉयचाच पोलिदामास सांगतो की अकिलीस परतलाय, रात्रीच सैन्य तटाआड घ्या. हेक्टर ऐकत नाही, मैदानात मुक्काम करतो. दुसऱ्या दिवशी सैन्य कापलं जातं. सर्ग २२ मध्ये तटाबाहेर उभा असताना तो हेच बोलतो: आत गेलो तर पोलिदामासच आधी बोट दाखवेल, माझ्या हट्टापायी लोक मेले. परतायचा रस्ता उघडा असतो, लाज अडवते. होमर सर्ग १८ मध्ये 'अथीनानं ट्रोजनांची बुद्धी हरली' असंही म्हणतो. दोन्ही कारणं एकाच वेळी खरी, एकानं दुसरं रद्द होत नाही.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार, खूप मिळालं. कोप, पित्त, डूख, वाटा हे घेतेय. दोन व्यवहारी प्रश्न: सहा बैठकांत बसवायचं तर कुठले सर्ग? आणि शेवटची बैठक कुठे थांबवू?

नदीकाठ

१, ६ चा उत्तरार्ध आणि १२ मधलं सार्पेदोनचं भाषण एकत्र, ९ पूर्ण, १६, १८ आणि २२ एकत्र, २४ पूर्ण. सर्ग २ च्या उत्तरार्धातली जहाजांची यादी (२९ तुकड्या, ११८६ जहाजं) वाचनातून वगळा, पण ती आहे एवढं सांगा. सर्ग १९ चा सारांश द्या. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगा, ऐकणाऱ्यांचा गोंधळ होतो: दहा वर्षांचं युद्ध असलं तरी काव्यातली लढाई चारच दिवसांची आहे. सर्ग ११ ते १८ हा एकच दिवस.

उत्तररात्र

२४ थांबवायची जागा सुचवतो. हेक्टरचा देह मागायला आलेला प्रियाम अकिलीसच्या हातांचं चुंबन घेतो, तिथे बरेच जण थांबतात. तिथे नको. पुढे प्रियाम घाई करतो, मला बसवू नकोस, आधी हेक्टर दे. अकिलीस चिडून बघतो: म्हाताऱ्या, मला आणखी चेतवू नकोस. तो बाहेर जातो आणि दासींना देह आडबाजूला नेऊन धुवायला सांगतो, बापाला दिसणार नाही असा. कारण तिथेच दिलेलं आहे: मुलाला पाहून प्रियामला राग आवरला नाही, तर आपलं काळीज खवळेल आणि आपण त्याला मारून टाकू. राग गेलेला नाही. पण आता त्याला आपला राग आधी दिसतोय, आणि तो वाटेतून वस्तू हलवून ठेवतोय.

ताम्रपट

त्याच्याही थोडं पुढे जा, जेवणापर्यंत. अकिलीस पांढरी मेंढी मारतो, सोबती ती सोलतात, तुकडे करून सळयांवर भाजतात. मग ओळी ६२५-६२६: अकिलीसचा सोबती औतोमेदोन पाट्यांतून भाकरी वाढतो, मांस अकिलीस स्वतः वाटतो. ही ओळ ऐकणाऱ्यांनी आधी ऐकलेली असेल. सर्ग ९, ओळी २१६-२१७, जिथे हाच तंबू, हेच वाढप, आणि समोर आगामेम्नोनचे दूत. शब्द जवळपास तेच. फरक नावाचा. तिथे भाकरी वाढणारा पात्रोक्लोस होता.

शेवंतीताई, दोन्ही जागी वाक्यरचना अगदी एकसारखी ठेवा. 'भाकरी अमुकनं वाढली, मांस अकिलीसनं वाटलं.' नाव बदललेलं ऐकू आलं पाहिजे. त्यानंतर क्षणभर थांबून पुढचं वाचा: खाणंपिणं झाल्यावर प्रियाम अकिलीसकडे बघत राहिला, केवढा आणि कसा आहे म्हणून, आणि अकिलीस प्रियामकडे.